अर्जात रडू नये, मागणे मांडावे

गेल्या पावसाळ्यात मनमाडच्या एक मावशी आमच्याकडे आल्या. वय साठीच्या पुढचे. काखेत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागदांचा गठ्ठा. यजमान एका खात्यातून निवृत्त झालेले, दीड वर्षापूर्वी वारले. मावशींचे कुटुंब निवृत्तिवेतन काही सुरू झाले नव्हते. "भाऊ, तीन अर्ज दिले, कुणी उत्तरच देत नाही," म्हणाल्या. आम्ही म्हटले, "मावशी, अर्जाच्या नकला दाखवा." दोन अर्जांच्या नकला नव्हत्याच. तिसऱ्याची होती, ती वाचली.

दोन पाने भरून मजकूर होता. सुरुवातीलाच 'मायबाप साहेबांचे चरणी' असे शब्द. मग गरिबी, मुलाची सुटलेली नोकरी, गुडघेदुखी, गळणारे पत्रे. त्यातले एक अक्षरही खोटे नव्हते. पण यजमानांच्या पेन्शन बुकाचा नंबर, म्हणजे पीपीओ क्रमांक, कुठेच नव्हता. ते निवृत्त कधी झाले, वारले कधी, मावशींचे बँक खाते कोणते, हेही नव्हते. शेवटी लिहिले होते, 'तरी माझ्यावर दया करावी.' नेमके काय करावे, ते लिहिलेच नव्हते.

वाचकहो, कारकुनाच्या टेबलावर असे किती कागद येत असतील याचा विचार करा. तो फाइल शोधतो ती नंबरावरून आणि तारखेवरून. दयेला फाइल नंबर नसतो.

यात मावशींचा दोष आम्ही धरत नाही. अर्ज दुसऱ्याने लिहून दिला होता, आणि लिहिणाऱ्यानेही जुन्या वळणानेच लिहिला. कचेरीपुढे हात जोडून, मान खाली घालून उभे राहायची सवय आपल्या आज्या-पणज्यांना लावली गेली होती. त्या वेळचा नमस्कार 'जोहार' होता. तो आपण कधीच टाकला, आज 'जयभीम' म्हणतो. पण तोंडातला जोहार गेला तरी अर्जातला अजून गेलेला नाही. 'लाचार', 'दीन', 'उपकार', 'चरणी' हे शब्द त्याचेच अवशेष आहेत. जे हक्काचे आहे ते मागताना हे शब्द कशाला?

लेखी मागणे आपल्या समाजाला नवे नाही. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ साली सासवडला ५१ गावांच्या महारांची सभा घेऊन सरकारकडे अर्ज पाठवला. १९१० साली थेट विलायतेतल्या भारतमंत्र्यांकडे निवेदन धाडले. सैन्यात आणि पोलिसात भरती व्हावी, शिक्षण मिळावे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. हातात सत्ता नव्हती, पैसा नव्हता. कागद मात्र होता, आणि तो त्यांनी नीट वापरला.

मनमाडकरांना तर दाखला घरातच आहे. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांचे प्रतिपादन या परिषदेतलेच. ते आपल्याला पाठ आहे. पण त्याच भाषणातली दुसरी एक गोष्ट आम्हाला आज सांगायची आहे. कामगारांवर अन्याय होतो, एवढेच म्हणून बाबासाहेब थांबले नाहीत. अन्याय कोणत्या जागेवर होतो, कसा होतो, का होतो, हे त्यांनी एकेक करून मांडले. आपला माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि वर्षानुवर्षे गँगमनच राहतो, त्याला पुढची पायरी नाही. त्याला पोर्टर करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचे काम करावे लागते आणि तिथे विटाळ आडवा येतो. कारकुनाच्या जागांवर इतर समाजांतले मॅट्रिक न झालेलेही लागतात, आणि आपली मॅट्रिक झालेली मुले बाहेर राहतात. जागा, रीत आणि कारण, तिन्ही सांगितल्यावर 'असे काही नाहीच' म्हणायला वाव उरत नाही. आजच्या गँगमनला ट्रॅक मेंटेनर म्हणतात, पण तक्रार मांडायची रीत तीच आहे.

तर आपण ती रीत आपल्या रोजच्या कागदाला लावू. अर्ज कोणताही असो, त्यात पाच गोष्टी हव्यात. मी कोण? काय घडले, कोणत्या तारखेला? मला काय हवे? सोबत कोणते कागद जोडले? मला कळवायचे कुठे? एवढे लिहिले की अर्ज पुरा. मावशींसाठी आम्ही जो अर्ज केला, तो नमुन्यादाखल देतो. रिकाम्या जागी आपापला तपशील घालावा.

दिनांक : ......
प्रति,
मा. ...... अधिकारी,
...... कार्यालय, ......
विषय : कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करण्याबाबत. पीपीओ क्रमांक ......
महोदय,
माझे पती दिवंगत ...... हे आपल्या खात्यातून दि. ...... रोजी निवृत्त झाले. दि. ...... रोजी त्यांचे निधन झाले. मी त्यांची पत्नी आहे. पीपीओवर माझे नाव ...... असे आहे आणि आधार कार्डावर ...... असे आहे. दोन्ही नावे माझीच असून तसे प्रतिज्ञापत्र जोडले आहे. यापूर्वी मी दि. ...... रोजी अर्ज दिला होता.
तरी पतीच्या निधनाच्या दुसऱ्या दिवसापासूनचे कुटुंब निवृत्तिवेतन थकबाकीसह माझ्या बँक खात्यात जमा करावे. कागद अपुरे असल्यास कोणता कागद हवा, ते मला लेखी कळवावे.
सोबत : १) मृत्यूचा दाखला २) पीपीओची प्रत ३) आधार कार्डाची प्रत ४) बँक पासबुकाची प्रत ५) प्रतिज्ञापत्र
आपली,
सही किंवा अंगठा, पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल नंबर

अर्ज एका पानात बसला. आपण घरी 'कालकथित' म्हणतो, इथे 'दिवंगत' लिहिले. कोणत्याही कचेरीत तो शब्द समजतो. 'कै.' लिहायचे कारण नाही. अंगठा असेल तर शेजारी 'निशाणी अंगठा' आणि नाव लिहावे. 'कोणता कागद हवा, ते लेखी कळवावे' हे वाक्य मात्र कुणी गाळू नये. तोंडी 'उद्या या, कागद कमी आहे' म्हणणे सोपे असते. लेखी कळवायचे म्हटले की फाइल उघडून पाहावी लागते.

आता पोच. अर्ज नेहमी दोन प्रतींत करावा. एक कचेरीत द्यावी, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. ज्या अर्जाची पोच नाही, तो दिलाच नाही असे समजावे. कुणी पोच द्यायला नाही म्हटले तर भांडू नये. सरळ टपाल कचेरीत जावे, स्पीड पोस्टाने अर्ज पाठवावा, पावती नकलेला टाचावी. पावतीवरच्या नंबरावरून कागद पोहोचला की नाही ते कळते. अर्ज ऑनलाइन भरला तर अर्ज क्रमांकाचा कागद छापून घ्यावा. साहेबांच्या मोबाइलवर व्हॉट्सअ‍ॅप टाकले म्हणजे अर्ज दिला, असे मानू नये. तो निरोप झाला.

सेतू केंद्रात किंवा ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्याच्या दुकानात आणखी एक फसगत होते. समोरचा मुलगा भराभर टाईप करतो, आपण दुसरीकडे पाहत असतो. बटण दाबायच्या आधी स्क्रीनवरचे नाव, बापाचे नाव, आडनाव, जन्मतारीख बोट ठेवून वाचावी. मराठीबरोबर इंग्रजी स्पेलिंगही पाहावे. आपल्यात एकाच बाईचे नाव एका कागदावर सोनाबाई, दुसऱ्यावर सोनूबाई, तिसऱ्यावर नुसते सोना असते. मावशींची गाडी अडली ती अशाच एका काना-उकारात. घरातल्या प्रत्येकाचे नाव कसे लिहायचे, ते एकदा ठरवून वहीच्या पहिल्या पानावर मराठीत आणि इंग्रजीत लिहून ठेवा. पुढचा प्रत्येक फॉर्म त्या पानावरून भरा.

शाळेच्या रजिस्टरातली ओळ तर जन्मभर पुरते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले, 'भिवा रामजी आंबेडकर'. रजिस्टरातला त्याचा क्रमांक १९१४. ती नोंद आजही दाखवतात, आणि २०१७ पासून महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. आपल्या मुलाचे नाव पहिलीत घालताना आईबापांनी रजिस्टरातली नोंद वाचूनच सही करावी. नंतर दुरुस्ती करायची म्हणजे हेलपाटे आले.

त्याच ओळीत धर्म आणि जात असते. जात पडताळणीच्या वेळी महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या माणसाकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आपली धम्मदीक्षा त्यानंतरची, १४ ऑक्टोबर १९५६ ची. त्यामुळे आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर 'महार' असणार आणि नातवाच्या दाखल्यावर 'बौद्ध'. हा घोटाळा नाही, हा आपला इतिहास आहे. जुना दाखला लाजून फेकू नका, जपून ठेवा. अर्जात सरळ लिहा की आजोबांच्या अमुक सालच्या दाखल्यात जात महार अशी नोंद आहे, कुटुंबाने पुढे बौद्ध धम्म स्वीकारला. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती १९९० च्या कायदा दुरुस्तीने मिळाल्या. त्या मिळवायला कागदांची साखळी जोडलेली लागते.

शाळेतल्या मुलांविषयी थोडे. मूल आजारी पडले की रजेचा अर्ज आई नाहीतर बाप लिहितो. पाचवीपासून तो मुलालाच लिहू द्यावा, पालकाने वाचून खाली सही करावी. दहावीच्या मराठीच्या पेपरात उपयोजित लेखन असते, त्यात पत्रलेखनही असते. गाइडातले पत्र पाठ करणाऱ्या मुलाला विषय जरा बदलला की घाम फुटतो. घरचे खरे अर्ज लिहिणाऱ्या मुलाला कोणतेही पत्र जमते.

निबंधाचेही तसेच. 'माझे गाव' या निबंधात मनमाडच्या एका मुलाने लिहिले होते, 'आमचे गाव निसर्गरम्य असून नदी खळखळ वाहते.' आम्ही त्याला विचारले, "बाळ, खळखळ कधी ऐकलीस?" तो हसला. मनमाडच्या लोकांनी पाणीटंचाईची किती वर्षे काढली, टाकीजवळ हंड्यांच्या किती रांगा लावल्या! ते लिही म्हटले. स्टेशनात रात्रभर येणाऱ्या गाड्या लिही. रेल्वेचा कारखाना लिही, तिथे पुलांचे गर्डर बनतात. धान्याची गोदामे आणि पाठीवर पोती वाहणारे हमाल लिही. अंकाई-टंकाईचे किल्ले आणि हडबीची शेंडी लिही. दुसऱ्या वेळी त्याने दीड पान लिहिले, आणि ते त्याचे स्वतःचे होते. डोळ्यांनी पाहिलेले लिहिले की भाषा आपोआप येते.

आता कामावरचे कागद. कंत्राटी कामगाराने खिशात छोटी वही ठेवावी. रोज तारीख, कामाची जागा, किती तास, किती पैसे मिळाले, एवढे लिहावे. मजुरीची तक्रार करायची वेळ आली तर ही वही उपयोगी पडते. कामावर इजा झाली तर त्याच दिवशी लेखी कळवावे आणि नक्कल घरी आणावी. कोऱ्या कागदावर सही कधीच करू नये. रक्कम पेन्सिलीने लिहिलेल्या पावतीवरही करू नये.

मेमो किंवा कारणे दाखवा नोटीस आली की आपली माणसे दोनपैकी एक करतात. घाबरून गप्प बसतात, नाहीतर रागाने चार पाने लिहितात. दोन्हींत नुकसान आपलेच. नोटिशीत जेवढे मुद्दे असतील तेवढ्यांनाच क्रमाने उत्तर द्यावे. जे घडले ते तारखेसह सांगावे. कागद जमवायला वेळ हवा असेल तर मुदत लेखी मागावी. मुकादमाची किंवा साहेबाची जुनी भांडणे त्यात ओढू नयेत.

आणि कुणी जातीवरून अपमान केला तर? त्या रात्री झोपण्याआधी लिहून ठेवा. कोण बोलले, नेमके कोणते शब्द बोलले, कुठे, किती वाजता, जवळ कोण होते. दोन दिवसांनी शब्द पुसट होतात आणि साक्षीदारही. पोलिसात फिर्याद दिली तर लिहिलेली फिर्याद पूर्ण वाचून किंवा वाचून घेऊनच सही करावी. आपण सांगितलेले शब्द त्यात आहेत की नाही ते पाहावे. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, तो फिर्याद देणाऱ्याचा हक्क आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही तो आहे.

अर्ज दिला, पोच घेतली, तरी उत्तर नाही, असे झाले तर माहितीचा अधिकार आहे. हा कायदा २००५ चा. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही, त्यांनी दाखला जोडावा. राज्य सरकारच्या कचेरीत अर्जाला कोर्ट फी स्टॅम्प लावता येतो. रेल्वे, अन्न महामंडळ यांसारख्या केंद्राच्या कचेरीत पोस्टल ऑर्डर चालते. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि तो १५० शब्दांत हवा. म्हणजे इथेही रडगाण्याला जागा नाही! 'का केले नाही' असे विचारू नये. 'माझ्या दि. ...... च्या अर्जावर कोणत्या तारखेला कोणती कार्यवाही झाली, अर्ज सध्या कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे, याची माहिती व नोंदींच्या प्रती द्याव्यात' असे विचारावे. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आले नाही तर त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिले अपील करता येते, तेही पुढच्या ३० दिवसांत करावे.

वाचक बंधू-भगिनींनो, मुद्देसूद अर्ज केला की दार लगेच उघडते, असे आम्ही म्हणत नाही. चांगले अर्जही अडतात. पण मुद्देसूद अर्ज अडला की अडवणाऱ्याला कारण द्यावे लागते, आणि रडका अर्ज अडला की कुणालाच काही द्यावे लागत नाही.

या रविवारी घरी एक काम करा. एक फाइल विकत आणा. घरातल्या जुन्या दाखल्यांच्या दोन-दोन झेरॉक्स काढून फाइलीत लावा. मूळ कागद निराळे, कोरडे ठेवा. नावांचे पान तयार करा. मग मुलांना बसवून गल्लीतल्या बंद दिव्याचा नाहीतर तुंबलेल्या गटारीचा एक अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लिहायला सांगा. त्यात पाचही गोष्टी आहेत का ते तपासा आणि सोमवारी तो खरोखर देऊन या. पोच घ्यायला मुलांनाच पाठवा.

मावशींचे काय झाले, ते सांगायचे राहिले. नवा अर्ज पोच घेऊन दिला. पाचव्या आठवड्यात कचेरीचे पत्र आले, पीपीओची प्रत अस्पष्ट आहे, दुसरी द्यावी. दीड वर्षात आलेले ते पहिले लेखी उत्तर. दुसरी प्रत दिली. जानेवारीत निवृत्तिवेतन सुरू झाले. थकबाकी मात्र निम्मीच आली. मावशी परवा पुन्हा आल्या, तेव्हा उरलेल्या थकबाकीचा अर्ज लिहूनच आणला होता. नववीतल्या नातीने लिहिला होता. विषय, पीपीओ क्रमांक, मिळालेली रक्कम, राहिलेली रक्कम, सोबतचे कागद, सगळे जागच्या जागी. 'दया' शब्द कुठेच नव्हता. आम्ही फक्त एक वेलांटी सुधारली.